अल्सर, व्रण, हुण्णु : न भरणाऱ्या जखमेची तीन नावं

खानापूर तालुक्यातल्या एका मुलाने विचारलं आहे : "आईला बरीच वर्षं शुगर आहे. डाव्या तळपायाला, अंगठ्याच्या मुळाशी जखम होऊन महिना झाला, भरत नाही. बेळगावला दाखवलं तर कागदावर 'अल्सर' लिहून दिलं. सोबतच्या मराठी पत्रकात 'व्रण' छापलंय, आणि पट्टी करणाऱ्या सिस्टर कन्नडमध्ये 'हुण्णु' म्हणाल्या. अल्सर पोटात होतो एवढंच आम्हाला ठाऊक. व्रण म्हणजे तर जखम भरल्यावर राहतो तो डाग. मग आईला झालंय काय? हा शब्द आला कुठून, आणि त्याचा नेमका अर्थ काय?"

तिन्ही शब्द एकाच गोष्टीचे आहेत. पण शब्दांच्या मागे लागण्याआधी एक काम करा. आईंना त्या पायावर भार टाकू देऊ नका. अनवाणी तर अजिबात नको, न्हाणीपर्यंतसुद्धा नको. जखम दुखत नाही म्हणून त्या घरभर चालत असतील. त्या पायाला दुखणं कळेनासं झालंय, आणि जखम न भरण्याचं कारण बहुतेक तेच आहे. त्याबद्दल पुढे लिहितो.

आधी निपाणी-चिकोडीकडे आणि मग बेळगावात, तीस वर्षं मी जखमा बघतोय. तुमचा प्रश्न मला लागला, कारण सुरुवातीच्या वर्षांत एका शब्दाने माझ्या पेशंटचं नुकसान झालं. निपाणीत तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या एक अक्का होत्या. तळपायाला छोटं भोक, आत खोल. मी म्हटलं, "अक्का, अल्सर झालाय, जपा." त्यांनी खरंच जपलं. तिखट सोडलं, चहा सोडला, रोज सकाळी थंड दूध घेतलं. आणि त्याच पायाने रोज वखारीत चालत गेल्या. सहा आठवड्यांनी परत आल्या तेव्हा हाडापर्यंत गेलं होतं, एक बोट काढावं लागलं. अल्सर म्हणजे पोटाचं दुखणं, हे त्यांना जसं पक्कं माहीत होतं तसंच तुम्हालाही माहीत आहे. चूक त्यांची नव्हती. मी शब्द सांगितला होता, अर्थ सांगितला नव्हता.

अर्थ असा. कातडीचं किंवा आतल्या ओल्या अस्तराचं आवरण एका जागी नाहीसं होतं, खालचा थर उघडा पडतो आणि ती जागा आपली आपण झाकली जात नाही, तो अल्सर. वरवरची साल निघाली तर ते सोलवटणं, त्याला अल्सर म्हणत नाहीत. कोयता लागला, टाके घातले, आठ-दहा दिवसांत भरलं, तर ती जखम. अल्सरमध्ये भरण्याचं काम अडलेलं असतं. खानापूरच्या पावसात कौल फुटलं तर नवं बसवता येतं, पण खालचा वासाच कुजला असेल तर नवं कौलही ठरत नाही. अल्सर म्हटलं की वाशाकडे बघायचं. शरीराचा कुठला भाग, हे त्या शब्दात कुठेच नाही. पोट, पाय, जीभ, डोळ्याचं बुबुळ, जिथे आवरण आहे तिथे अल्सर होऊ शकतो.

शब्द इंग्रजीत आला तो लॅटिनमधल्या 'उल्कुस'वरून. ग्रीकमध्ये त्याचाच भाऊ 'हेल्कोस'. होमरच्या काळी हेल्कोस म्हणजे कुठलीही जखम, ताजीसुद्धा. पुढे वैद्यांच्या तोंडी तो न भरणाऱ्या क्षतापुरता राहिला. ग्रीकांच्या कथेत फिलोक्टेटीस नावाचा योद्धा आहे. त्याच्या पायाला साप चावतो, जखम भरत नाही, दुर्गंधी सुटते आणि सोबतचे लोक त्याला एका बेटावर सोडून जातात. आपल्याकडे कपाळाच्या भळभळत्या जखमेसाठी तेल मागत फिरणारा अश्वत्थामा आहे. दोघांचं दुःख एकच : जखम भरत नाही ती नाहीच, वर माणसांतून उठवते. न भरणाऱ्या पायाचा वास घरात पसरला की सून-मुलगे अंतर ठेवायला लागतात, हे मी कितीतरी घरांत पाहिलंय.

या कुळातला एक नातेवाईक संस्कृतातही आहे. भाषेचे अभ्यासक 'उल्कुस' आणि 'हेल्कोस' यांच्या रांगेत संस्कृत 'अर्शस्' बसवतात. अर्श म्हणजे मूळव्याध. अर्थ सरकला, पण मूळ एकच. म्हणजे आयुर्वेदाच्या दुकानात अर्शाची गोळी मागणारा माणूस नकळत अल्सरच्याच चुलत्याचं नाव घेत असतो.

आता 'व्रण'. तुम्ही म्हणता तो अर्थ चुकीचा नाही. आजच्या मराठीत "जखम भरली, व्रण राहिला" असंच बोलतात. पण संस्कृत वैद्यकात व्रण म्हणजे ती जखमच, उघडी, वाहती. मग मराठीत तो मागे उरलेला डाग कसा झाला? त्याचं बी सुश्रुतसंहितेतच आहे, असं मला वाटतं. तिथे सूत्रस्थानात या शब्दाची फोड केली आहे : जो झाकून टाकतो, आणि भरून आला तरी ज्याची खूण देह असेपर्यंत पुसत नाही, म्हणून जाणते त्याला व्रण म्हणतात. जखम आणि खूण दोन्ही त्या एका व्याख्येत होत्या. वैद्यांनी पहिला अर्धा भाग धरला, लोकांनी दुसरा.

सुश्रुताने व्रणाचे दोन वर्ग केले. बाहेरून घाव लागून होतो तो आगंतु, आणि शरीरातल्या दोषाने उठतो तो शारीर. इलाजाचे 60 उपक्रम सांगितले. बिघडलेल्या, भरायला तयार नसलेल्या व्रणाला 'दुष्टव्रण' असं वेगळं नाव दिलं. कागदावरच्या 'अल्सर'ला सगळ्यात जवळचा जुना शब्द कुठला, तर माझ्या मते हा. नुसतं 'व्रण' लिहिल्याने घोटाळा होतो, कारण वाचणारा सुटकेचा श्वास सोडतो : चला, डागच आहे. सरकारी असो की खासगी, मराठी पत्रकं लिहिणाऱ्यांनी 'न भरणारी जखम' असं सरळ लिहावं. दोन शब्द जास्त जातील, पण एखाद्याचा पाय वाचेल.

आपल्या रोजच्या बोलण्यातले शब्द तर किती बारकाईने वेगळे आहेत बघा. 'जखम' फारसीतून आली. 'घाव' आणि 'घायाळ'मधला 'घाय' संस्कृत 'घात'पासून झिजत आले. 'नासूर' अरबीतून आला, आत नळी पडून वाहत राहणाऱ्या क्षताला. संस्कृतात त्यालाच 'नाडीव्रण' म्हणतात. गळू 'पिकतं', जखम 'चिघळते', वर 'खपली धरते'. सुश्रुतही सुजेच्या कच्ची, पिकती आणि पिकलेली अशा पायऱ्या सांगतो, आणि कच्च्या गळवाला शस्त्र लावू नये म्हणून बजावतो. आजीही तेच सांगते : "पिकू दे, मग फोडू."

सिस्टरांचा 'हुण्णु' हा द्राविड कुळातला जुना शब्द. तमिळमध्ये 'पुण्', तेलुगूत 'पुंडु'. जुन्या कन्नडमधल्या आरंभीच्या 'प'चा पुढे 'ह' झाला, म्हणून हुण्णु. तोंड आलं तर 'बायि हुण्णु', पोटातला अल्सर 'होट्टे हुण्णु'. इथे कन्नड बोलणाऱ्याची सोय आपल्यापेक्षा जास्त आहे. त्याच्याकडे पोटाला, तोंडाला, पायाला एकच शब्द आहे, म्हणून पायाच्या हुण्णुसाठी तो दूध पीत बसत नाही. मराठीत आपण तोंडाच्या अल्सरला 'तोंड आलं' म्हणतो, पोटाच्या अल्सरला इंग्रजी नाव देतो आणि पायाच्या अल्सरला 'जखम' म्हणतो. तिन्ही एकाच जातीचे आहेत हे त्यामुळे कधी ध्यानातच येत नाही. ताज्या जखमेला कन्नडमध्ये 'गाय' म्हणतात, तोही घातापासूनच आलेला. आमच्या ओपीडीत कानडी म्हातारे "कालिगे गाय आगेत्री" म्हणतात तेव्हा नव्या मराठी विद्यार्थ्याला आधी हे समजावून द्यावं लागतं.

आता तुमच्या आईंच्या कागदाकडे वळू. नुसत्या 'अल्सर' शब्दाने इलाज ठरत नाही. त्याच्या आधीचं विशेषण महत्त्वाचं. तुमच्या कागदावर ते लिहिलंय का बघा.

'व्हीनस' लिहिलं असेल तर दोष शिरांचा. रक्त वर चढत नाही, पायात साचतं, घोट्याच्या आतल्या बाजूला कातडी काळपट होते, खाजते आणि फुटते. वडगाव-शहापूरकडे यंत्रमागावर उभे राहणारे, बसचे कंडक्टर, हॉटेलात दिवसभर उभे असणारे यांच्यात हा जास्त दिसतो. याला औषधापेक्षा नीट बांधलेली दाबपट्टी आणि पाय उशीवर उंच ठेवून झोपणं जास्त उपयोगी पडतं. 'आर्टेरिअल' असेल तर उलट. खाली येणारं रक्तच कमी पडतं. बोटांची टोकं काळी पडतात, रात्री असह्य दुखतं, माणूस पाय खाटेवरून खाली सोडून बसतो. बिड्या ओढणाऱ्या तरण्या पुरुषांत जो प्रकार होतो त्याचं वर्णन लिओ बर्गर यांनी 1908 मध्ये केलं, म्हणून त्याला बर्गरचा आजार म्हणतात. तंबाखू पूर्ण सुटल्याशिवाय तो थांबत नाही. अशा पायाला घट्ट दाबपट्टी बांधली तर पायच जाऊ शकतो. दोन्ही कागदांवर शब्द 'अल्सर'च असतो, पण एकाला ज्या पट्टीने बरं वाटतं तीच दुसऱ्याचा घात करते. म्हणून शेजाऱ्याच्या पायाला काय लावलं ते ऐकून आईंच्या पायाला लावू नका.

आईंचा बहुधा 'डायबेटिक' किंवा 'न्यूरोपॅथिक' असेल. शुगर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की पायाच्या नसांची संवेदना जाते. चप्पल बोचते ते कळत नाही. एकाच जागी दाब येत राहतो, तिथे भोवरी धरते, आणि भोवरीच्या खाली, कुणाला न दिसता, मांस चिरडत जातं. मग एक दिवस भोवरी फुटते आणि लोकांना वाटतं जखम आज झाली. अंगठ्याच्या मुळाशी ही जागा अगदी ठरलेली आहे. जुन्या पुस्तकांत अशा अल्सरला 'ट्रॉफिक' म्हणत. 'ट्रोफे' म्हणजे ग्रीकमध्ये पोषण. नसा कातडीला पोसतात, त्या मेल्या की मांस आपोआप सडतं, असा समज होता. कुष्ठरोग्यांच्या बाबतीतही हेच मानलं जायचं. 1946 मध्ये वेल्लोरला आलेले शल्यविशारद पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं की कुष्ठाने बोटं आपोआप गळून पडत नाहीत. वेदना कळत नाही म्हणून ती रोज चिरडली जातात, भाजतात, आणि त्यातून जातात. दाब काढून घेतला की जखम भरते. तेच आज शुगरच्या पायाला लागू आहे. पट्टीखाली काय लावलं याला दुय्यम महत्त्व आहे, आधी दाब उतरला पाहिजे. त्यासाठी प्लास्टरचा बूट घालतात, खास पादत्राण देतात. जोडीला शुगर आटोक्यात, पायाला रक्त नीट पोचतं का ते तपासलेलं आणि हाडापर्यंत पू गेला नाही याची खात्री हवी.

दगडीपाला, हळद, चुना, तंबाखू यांबद्दलही तुम्हाला कुणीतरी सांगितलं असेलच. विळ्याने बोट कापलं आणि रानात दुसरं काही नव्हतं, म्हणून कुणी दगडीपाला चोळला तर मी भांडत नाही. पण संवेदना गेलेल्या पायावर यातलं काही नको. चुन्याने भाजलं तरी आईंना कळणार नाही. गरम पाण्यात पाय बुडवून शेकणं तर मुळीच नको. पाऊस सुरू आहे, रोपणीचे दिवस आहेत. त्यांच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या आहेत का तेही बघा, कारण पू व्हायला तेवढी वाट पुरते.

पोटाच्या अल्सरचं थोडक्यात सांगतो. त्याला 'पेप्टिक' म्हणतात. हे ग्रीक विशेषण आणि आपलं 'पच्', पचन, पक्व, अगदी पिकणंसुद्धा, एकाच मुळाची पानं आहेत. तिखटाने अल्सर होतो हा समज आपल्या भागात फार खोल आहे. तिखटाने आहे ते झोंबतं, पण मूळ कारणं बहुतेक वेळा दोन : एक जंतू आणि दुसऱ्या अंगदुखीच्या गोळ्या. तो जंतू ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी 1982 मध्ये वाढवून दाखवला, आणि 2005 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. नाव हेलिकोबॅक्टर. हे 'हेलिको' हेल्कोसवरून आलेलं नाही, ते 'हेलिक्स'वरून, म्हणजे मळसूत्री आकारावरून. ऊस तोडणारे आणि भात लावणारे लोक मेडिकलमधून पाठदुखीच्या गोळ्या घेऊन महिनोन्महिने उपाशीपोटी खातात. काळी शी झाली तर ते पोटातलं रक्त असू शकतं, त्या दिवशीच दवाखाना गाठावा.

तोंडाच्या फोडांबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण शब्दांनी इथे दोन्ही बाजूंनी फसवलंय. वरचेवर येणाऱ्या, झोंबणाऱ्या, आठ-दहा दिवसांत जाणाऱ्या फोडांना 'अफ्थस अल्सर' म्हणतात. 'अफ्था' हा ग्रीक शब्द बहुधा पेटवणं या अर्थाच्या धातूवरून आला, आणि ज्याचं तोंड आलंय त्याला तो लगेच पटेल. अमेरिकेत यालाच 'कँकर सोअर' म्हणतात. मोबाइलवर शोधणारी मुलं 'कँकर' वाचून घाबरून येतात. तो शब्द 'कॅन्सर'च्याच मुळाचा, लॅटिनमधल्या खेकड्याचा, हे खरं. आपला कर्करोगही खेकड्यावरूनच, आणि कन्नडमधल्या 'एडिगंति'तली 'एडि' म्हणजेही खेकडाच. पण या फोडांचा कॅन्सरशी काही संबंध नाही. उपदंशाच्या, म्हणजे सिफिलिसच्या, पहिल्या फोडाला 'शँकर' म्हणतात, तोही फ्रेंचमधून त्याच खेकड्याकडे जातो, आणि कॅन्सर तोही नव्हे. उलट ज्याला लोक "तोंड आलंय" म्हणून सोडून देतात, तो कधीकधी खरंच कॅन्सर असतो. गालाच्या ज्या खोबणीत तंबाखूची गोळी ठेवतात, मिश्री लावताना जिथे बोट फिरतं, तिथे न दुखणारा, कडा जाड झालेला, दोन आठवड्यांत न भरणारा फोड असला तर तुकडा तपासलाच पाहिजे. निपाणी भागातल्या बायकांना हे मी हात जोडून सांगत आलोय. 'आलेलं तोंड' जातं. जे जात नाही त्याला ते नाव देऊ नका.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या कमरेला, टाचेला होणाऱ्या जखमेला पुस्तकी मराठीत 'शय्याव्रण' म्हणतात. अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या मंडळाने 2016 मध्ये 'प्रेशर अल्सर' हे नाव बदलून 'प्रेशर इंज्युरी' केलं, कारण पहिल्या पायरीला कातडी शाबूत असते, नुसती लाल दिसते. तेव्हा आवरण गेलेलंच नाही, मग अल्सर कसा म्हणणार? मला हा बदल पटतो. लाल दिसल्या दिवशीच कूस बदलायला लागलं तर पुढचं सगळं टळतं.

आणि डोळा. उसाचं पातं किंवा भाताचं कुसळ लागून बुबुळावर अल्सर होतो. तो भरला की पांढरा डाग राहतो, ज्याला आपण 'फूल पडलं' म्हणतो. तिथेही एकच गोष्ट आधी उघडी जखम असते आणि मग डाग. मेडिकलमधून स्टेरॉइडचे थेंब आणून घालू नका, बुरशी असली तर डोळा जातो.

व्रणाचे दोन्ही अर्थ एकाच जागी भेटतात असा एक आजारही आहे. चुलीवर भाजलेल्याचा जुना, ताणलेला डाग वीस-तीस वर्षांनी फुटतो, आणि त्या फुटलेल्या जागी कॅन्सर निघतो. फ्रेंच शल्यविशारद मार्जोलँ यांच्या नावाने तो ओळखला जातो. म्हणून जुना व्रण परत व्रण झाला तर मलम बदलत बसू नये, कडेचा तुकडा तपासायला द्यावा.

आईंची जखम भरेल अशी मला आशा आहे. भरल्यावर तिथे राहील तो तुमच्या अर्थाचा व्रण. त्यालाही रोज बघत राहा, कारण शुगरच्या पायाचे भरलेले अल्सर वर्षभरात शेकडा 40 जणांत परत उघडतात. तळपाय त्यांना स्वतःला दिसणार नाही, संध्याकाळी तुम्ही आरसा धरा किंवा स्वतः बघा. पुढच्या खेपेला पट्टीला जाल तेव्हा कुठलं मलम असं विचारू नका. जखम भरून येण्याला कन्नडमध्ये 'मायु' असं वेगळं क्रियापदच आहे. सिस्टरांना त्यांच्याच भाषेत विचारा : "हुण्णु याके मायुत्तिल्ल?" जखम का भरत नाही? त्या डॉक्टरांना बोलावतील. मग दाब, रक्त, हाड आणि शुगर, या चारही गोष्टींचं उत्तर मिळेपर्यंत तिथून उठू नका.